सायकलवाल्यांसाठी रस्त्यावर नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला घर, चिकलठाणा एमआयडीसीत नोकरी, रोजचं जाणं-येणं सायकलवर. कॉलनीतली आणि कंपनीतली दहा-बारा मंडळी मिळून मनपाला निवेदन द्यायचं म्हणताय, पण ‘सायकल ट्रॅक करा’ एवढंच लिहावं की आणखी काही, यावर एकमत होत नाही. कुणी म्हणतं लाल पट्टा मारला तरी पुरे, कुणाला कठडा हवाच, कुणी म्हणतं फुटपाथवरच सोय करा.

मी रस्त्यांच्या आखणीत उभी हयात घालवली, त्यातली बरीचशी मराठवाड्यातच. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो: तिघांपैकी कुणीच पूर्ण बरोबर नाही, कारण तुमचा रस्ता एक नाही. घरापासून गजानन महाराज मंदिरापर्यंतची कॉलनीची गल्ली वेगळी, तिथून सेव्हन हिलपर्यंतचा बाजाराचा रस्ता वेगळा आणि मुकुंदवाडीकडे जाणारा जालना रोड तर आणखीच वेगळा. तिन्ही ठिकाणी मागणी वेगळी करा. गल्लीत वेग कमी करून मागा, जालना रोडवर पक्का वेगळा ट्रॅक मागा आणि चौकांसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहा. नुसता रंगाचा पट्टा मात्र कुठेच मागू नका. तो का, ते पुढे येईलच.

सायकलसाठी कोणती सोय हवी हे रस्त्याच्या रुंदीवरून ठरवायची आपल्याकडे सवय आहे. जागा उरली तर ट्रॅक, नाही तर राहिलं. खरं म्हणजे ते ठरतं शेजारून जाणाऱ्या गाडीच्या वेगावरून आणि अशा गाड्या किती आहेत त्यावरून. डबा लावलेली साधी सायकल ताशी १२ ते १५ किलोमीटरने चालते. शेजारची गाडी २५ ने चालली असेल तर दोघं एकाच डांबरावर नांदू शकतात. ती ६० ने गेली तर नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर चौपट होतो. ३० आणि ६० मधला फरक दुपटीचा वाटतो, अंगावर येतो तो चौपट. आणि केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला कमाल ७० आणि दुचाकीला ६० ची मुभा दिली गेली. राज्याला ती खाली आणता येते, पण मागितल्याशिवाय कोण आणणार?

दुसरा हिशेब संख्येचा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) सायकल ट्रॅकवरची पुस्तिका, आयआरसी ११, १९६२ सालची आहे. २०१५ मध्ये ती सुधारून निघाली. जुन्या पुस्तिकेतला निकष असा होता: गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारी असतील तर वेगळा ट्रॅक द्यावा. मोटारी २०० च्या वर गेल्या तर सायकली नुसत्या १०० असल्या तरी ट्रॅक योग्य. साठ वर्षांपूर्वीच्या लोकांनी हे लिहून ठेवलंय. जालना रोडवर तासाला २०० मोटारी ही आता पहाटेची गोष्ट. म्हणजे पुस्तकाप्रमाणे बघितलं तर वाद १०० सायकलींपुरताच उरतो, आणि त्या मोजायच्या कुठे-कधी ते शेवटी सांगतो.

आता प्रकारांकडे येऊ. गल्लीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय तिथलीच.

कॉलनीच्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळं काही बांधायचं नसतं. तिथे मोटारीचा वेग ३० च्या आत ठेवायचा, बस्स. गतिरोधक नीट असावेत. आपल्याकडे वर्गणी काढून रातोरात टाकलेला डांबराचा ढिगारा म्हणजे गतिरोधक. त्याने सायकलच्या कॅरिअरवरचा डबा उडतो आणि बुलेटवाला तसाच जातो. आयआरसीच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गोलसर, ताशी २५ च्या वेगाला सोसणारा. तो टाकताना कडेला सायकलपुरती सपाट फट सोडायला सांगा, पावसाचं पाणीही तिथूनच जातं. याहून चांगला उपाय म्हणजे गल्लीचं एक तोंड मोटारीला बंद आणि सायकलीला उघडं ठेवणं. दोन-तीन खांब किंवा झाडांच्या मोठ्या कुंड्या, मधून सायकल आणि पायी माणूस जाईल एवढी जागा. राहणाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या तोंडाने येतातच. बंद होते ती शॉर्टकट मारणाऱ्यांची वर्दळ. हॉलंडमध्ये आणि अमेरिकेत बर्कलीला अशा शांत गल्ल्या जोडून सायकलींचे लांबच्या लांब मार्ग केलेत. तुमच्या बाबतीत पुंडलिकनगर, कामगार चौक, सिडकोचे आतले सेक्टर असा जालना रोडला समांतर जाणारा मार्ग जोडता येतो का, ते एका रविवारी सकाळी फिरून बघा. जोडला गेला तर जालना रोडची निम्मी कटकट वाचेल. फक्त एक धोका लक्षात ठेवा: ‘सायकलवाल्यांना आतला रस्ता दिला, आता मुख्य रस्त्यावर काही करायची गरज नाही’ असं उत्तर मिळू शकतं. निवेदनात आधीच लिहून टाका की दोन्ही हवंय. दुकानं, बँका, दवाखाने मुख्य रस्त्यावरच असतात आणि सायकलवाल्यालाही तिथे कामं असतात.

आता तो रंगाचा पट्टा. डाव्या कडेला दीड मीटर रुंदीची जागा, एक पांढरी रेघ, आत सायकलचं चित्र. कमी वर्दळीच्या, पार्किंग नसलेल्या, चाळीसच्या आतल्या रस्त्यावर तो बरा चालतो. आपल्या बाजाराच्या रस्त्यावर तो काय होतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सकाळी दहाला दुकानांची शटर उघडतात आणि पट्ट्यावर मोटारसायकली तिरप्या लागतात, मग रसवंतीचा गाडा, मग रिक्षा. सायकलवाला पट्ट्याला वळसा घालून गाड्यांच्या प्रवाहात येतो, आणि तेही अचानक. पट्टा नसताना तो निदान सरळ रेषेत तरी चालत होता. रंगाचा पट्टा म्हणजे आपल्याकडे पार्किंगची आयती आखणी, असं मी बैठकीत एकदा बोललो होतो. अध्यक्ष हसले आणि पट्टा मंजूर झाला.

पार्किंग ठेवायचंच असेल तर त्याची जागा बदला. डाव्या कडेला फुटपाथ, त्याला लागून सायकल, मग पार्किंग, मग चालता रस्ता. उभ्या गाड्याच कठडा होतात. पण कारचं दार उघडलं की एक मीटर जागा खातं, म्हणून पार्किंग आणि सायकल यांच्यात तेवढी मोकळी पट्टी सोडावीच लागते. ही पट्टी कंत्राटात पहिली कापली जाते, तेव्हा नकाशात तिच्यावर बोट ठेवा.

पट्टा आणि पक्का ट्रॅक यांच्यामध्ये एक पायरी आहे: रेघेशेजारी पट्टेरी मोकळी जागा आणि तिच्यात प्लास्टिकचे लवचीक खांब. २०२० मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा काढली, तेव्हा कितीतरी शहरांत खांब, कोन आणि रंग वापरून असे तात्पुरते ट्रॅक करून बघितले. हे खांब एकदा गाडी घासली की वाकतात, दोनदा घासली की जातात. पण खोदकाम न करता, थोड्या पैशांत तीन महिने चाचणी घ्यायची असेल तर याच्यासारखं काही नाही. कुठे रिक्षा घुसतात, कुठे बस अडते, कोणत्या दुकानदाराचा विरोध खरा आहे आणि कोणाचा सवयीचा, सगळं कळतं. चाचणी म्हणून जरूर मागा, मात्र पत्रात तिची मुदत आणि त्यानंतर काय हे लिहून घ्या.

जालना रोडसारख्या रस्त्यावर मात्र पक्कं विभाजन हवं. यातही दोन तऱ्हा. एकात ट्रॅक रस्त्याच्याच पातळीवर असतो आणि मध्ये काँक्रीटची छोटी भिंत किंवा झाडांची पट्टी. दुसरी कोपनहेगनची: रस्त्यापेक्षा ट्रॅक थोडा वर, ट्रॅकपेक्षा फुटपाथ आणखी थोडा वर, अशा दोन पायऱ्या. मला आपल्याकडे दुसरी जास्त पटते, कारण पावसाचं पाणी रस्त्याच्या डाव्या कडेला येतं, आणि पातळीवरचा ट्रॅक म्हणजे नेमकी तीच कडा. जुलैत तिथे घोटाभर पाणी, सप्टेंबरनंतर वाळू आणि काचा.

रुंदी २ मीटरच्या खाली मान्य करू नका. सायकलचं हँडल जवळपास अर्धा मीटर, दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर मोकळीक, म्हणजे एका सायकलीला १ मीटर. आणि एकाने दुसऱ्याला ओलांडायचं तर दोन. दीड मीटरच्या ट्रॅकवर पुढचे काका दमले की मागच्या दहा जणांना त्यांच्याच चालीने जावं लागतं, आणि मग घाईतली पोरं बाहेर पडतात. एकाच बाजूला येण्या-जाण्याचा दुतर्फी ट्रॅक असेल तर निदान ३ मीटर हवेत. दुतर्फी ट्रॅक कागदावर स्वस्त दिसतो, पण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बाहेर येणारा मोटारवाला फक्त उजवीकडे बघतो, आणि सायकल डावीकडून येते.

कर्ब म्हणजे कडेचा उभा दगड, त्याच्या उंचीबद्दल एक बारकावा, जो टेंडरमध्ये कधीच नसतो. ट्रॅकच्या आतल्या बाजूचा कर्ब सरळ १५ सेंटिमीटर उंच केला तर खाली आलेलं पेडल त्याला लागतं आणि माणूस पडतो. सायकलच्या बाजूला तो बुटका आणि उतरता हवा. मोटारीच्या बाजूला उंच चालेल.

पृष्ठभागाबद्दल मी जरा हट्टी आहे: डांबर किंवा काँक्रीट, पेव्हर ब्लॉक नको. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, कंत्राटदाराला मात्र दरवेळी सांगावं लागतं. खाली नीट मुरमाचा भराव आणि दबाई नसेल तर दोन पावसाळ्यांत ब्लॉक लाटांसारखे वर-खाली होतात, आणि टणक टायरच्या सायकलवर त्या लाटा कंबरेला लागतात. बाजूला गुळगुळीत डांबर असताना कोण तिथून जाईल? मग साहेब म्हणतात, ‘ट्रॅक करून दिला तरी लोक वापरत नाहीत.’

हे मी ऐकीव सांगत नाही. एका तालुक्याच्या गावात आमच्याच हातून असा ट्रॅक झाला होता. नाव घेत नाही. फुटपाथच अर्धा करून अर्ध्यावर लाल ब्लॉक, अर्ध्यावर पिवळे. नकाशात देखणं. जागेवर मधोमध एक डीपी, पुढे कडुलिंब, त्यापुढे रसवंती, आणि प्रत्येक दुकानाच्या गाडीसाठी उतार, म्हणजे दर दहा-बारा मीटरला खाली उतरा, वर चढा. उद्‌घाटनाला पाहुण्यांनी त्यावर सायकल चालवली, तीसुद्धा डीपीपर्यंत. महिन्याभराने सकाळी मी कडेला उभा राहून बघितलं. कामावर जाणारी झाडून सगळी माणसं डांबरावरून, ट्रॅकवर फक्त वाळत घातलेल्या मिरच्या. तेव्हापासून कोणताही नकाशा आला की मी आधी विचारतो, वाटेत खांब किती आणि चढ-उतार किती. पायी माणूस आणि सायकल यांना एकाच फुटपाथवर कोंबणं ही दोघांवरही जबरदस्ती आहे. तुमच्यातल्या फुटपाथवाल्यांना हे वाचून दाखवा.

नांदेडचं उदाहरण तुमच्या कामी येईल. २००८ च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेच्या निधीतून तिथले रस्ते नव्याने बांधले गेले, आणि काही रस्त्यांवर फुटपाथ, झाडं, फेरीवाल्यांची जागा आणि सायकलची पट्टी एकाच आखणीत बसवली गेली. मराठवाड्यातल्या शहरात हे होऊच शकत नाही, असं कुणी म्हणालं तर नांदेडचं नाव घ्या. पुढे देखभालीचं काय झालं हे जाऊन बघा, तेही शिकण्यासारखं आहे.

मोटारसायकलवाले ट्रॅकमध्ये घुसतील, हा प्रश्न बैठकीत हमखास येणार. घुसतात. ट्रॅकच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवलं तर कार आणि रिक्षा अडते, मोटारसायकल नाही. अंतर त्याहून कमी केलं तर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकी अडते. म्हणजे लोखंडाने हा प्रश्न सुटत नाही. मोटारसायकल घुसते ती पुढे ट्रॅफिक तुंबलेलं असतं म्हणून, किंवा दुभाजकातला कट लांब आहे म्हणून राँग साइडने. दुसऱ्या कारणावर उपाय आहे: योग्य जागी कट द्या. पहिल्यावर पोलीसच.

आता चौक. खरं तर माझं सगळं उत्तर चौकाबद्दलच असायला हवं होतं. मधल्या रस्त्यावर माणूस कसाबसा निभावतो. जीव धोक्यात येतो तो चौकात, आणि आपले ट्रॅक चौकाच्या पन्नास मीटर आधी संपतात. फलक असतो ‘सायकल ट्रॅक समाप्त’. नदीच्या मधोमध पूल संपवावा तसं.

चौकात सायकलवाल्याच्या दोन अडचणी. पहिली डावीकडे वळणाऱ्या गाडीची: सायकल सरळ जाणार, तिच्या उजवीकडचा टेम्पो डावीकडे वळणार, आणि टेम्पोवाल्याला आरशात ती दिसतच नाही. उपाय तीन. कोपऱ्याची गोलाई कमी करा, म्हणजे वळताना वेग कमी करावाच लागतो. आपण मोठी गोलाई देऊन वर ‘फ्री लेफ्ट’ ठेवतो, म्हणजे दिवा लाल असला तरी डावीकडे वळायची मोकळीक. पायी माणूस आणि सायकल दोघांसाठी ती सापळा आहे. ट्रॅक कोपऱ्यावर रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीएवढा आत घ्या, म्हणजे वळलेली गाडी सायकलसमोर काटकोनात येते आणि दोघं एकमेकांना बघतात. आणि गाड्यांची स्टॉपलाइन मागे घेऊन पुढे सायकलींसाठी रंगीत चौकोन ठेवा, म्हणजे लाल दिव्याला सायकली सगळ्यांच्या पुढे, चालकाच्या नजरेसमोर उभ्या राहतात. हा चौकोन आपल्याकडे दुचाक्या भरून टाकतात हे मला माहीत आहे. तरी मागा, पहिले दोन उपाय झाले तर तिसरा नसला तरी चालेल.

दुसरी अडचण उजवीकडे वळायची. सेव्हन हिलला किंवा सिडको बसस्थानकाला डावीकडून तीन रांगा कापत उजवीकडे जायचं, मागून सिटी बस, हात दाखवायला एक हात सोडायचा. कुणी सांगितलं आहे? दोन टप्प्यांत वळा. सरळ हिरव्यावर समोर जा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे फिरवा आणि आडव्या रस्त्याचा हिरवा लागला की निघा. अनुभवी मामा लोक हे आजही करतात. फक्त त्या कोपऱ्यात थांबायला चार-पाच सायकलींची आखलेली जागा हवी. आता तिथे रिक्षा स्टँड असतो. अशी जागा आखायला रंगाचा एक डबा पुरतो. निवेदनातली सर्वांत स्वस्त मागणी हीच.

उड्डाणपुलांचं वेगळंच. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको असे पूल ओळीने आहेत. पुलावर चढ, जोराचा वेग आणि कडेला जागा नाही, म्हणून सायकल खालून नेणंच शहाणपणाचं. पण पूल सुरू होताना वर जाणारी गाडी आणि खालून जाणारी सायकल यांच्या वाटा एकमेकींना कापतात, आणि खालच्या रस्त्यावर तर पार्किंग आणि हातगाड्यांची गर्दी झालेली असते. ट्रॅक मागताना पुलाखालचा भाग नावानिशी लिहा, नाहीतर ‘सलग ट्रॅक’मधून नेमका तोच गळतो.

राहिलेलं भराभर सांगतो. एकेरी रस्त्यावर सायकलीला उलट्या दिशेने जायची आखलेली वाट देता येते. लातूरच्या गंज गोलाईसारख्या ठिकाणी, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, एकेरीमुळे सायकलवाल्याला उगाच अर्धा फेरा पडत असेल तर हा उपाय फार कामाचा. वेग कमी हवा आणि आखणी ठळक हवी. ट्रॅकमधल्या चेंबरच्या जाळीचे गज रस्त्याला समांतर असतील तर चाक अडकतं, ते आडवे टाकायला लावा. बसथांब्याला ट्रॅक थांब्याच्या मागून न्यावा. सावलीला करंज, कडुलिंब लावा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना बिनसावलीच्या ट्रॅकवर दुपारची शिफ्ट कोण पकडणार? आणि कडेची वेडी बाभूळ काढा, तिचा काटा ट्यूबची पर्वा करत नाही.

तुमच्या प्रश्नात नाही, पण शहराबाहेरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, मराठवाड्यात गावोगावी पोरी त्यावर शाळेत जातात. सायकल दिली, वाट दिली नाही. राज्य रस्त्यावर दिवाळीनंतर उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सुरू होतात, मुरमाची साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली गेलेली असते. ट्रॅक्टरला जागा द्यायला पोरगी खाली उतरते आणि पुन्हा वर चढताना घसरते. तिथे ट्रॅकची चैन नको. साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून शाळेपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर दीड-दोन मीटर पक्की करा, मध्ये जाड रेघ, रेघेवर खडबडीत पट्ट्या. रस्त्याच्या नूतनीकरणातच हे बसतं. तुमच्यापैकी कुणाचं गाव अशा रस्त्यावर असेल तर तिकडच्या ग्रामसभेत ठराव घ्यायला सांगा.

आता मोजणी. कचेरीतली माणसं सायकली मोजतात ती अकरा वाजता, जेव्हा त्या नसतात. तुम्ही सकाळी सव्वासहा ते सव्वासात आणि पुन्हा साडेतीन ते साडेचार, म्हणजे पाळी सुटताना, मुकुंदवाडी आणि कामगार चौकात दोघं-दोघं उभे राहा. सलग तीन कामाचे दिवस. वहीत चार रकाने: सायकली, त्यातल्या बाया आणि शाळकरी मुलं, राँग साइडने आलेल्या, आणि कुठे वळल्या. दर पंधरा मिनिटांनी ओळ मारा. तो कागद, जुन्या आयआरसी ११ मधला १०० सायकलींचा निकष आणि चौकांची यादी निवेदनाला जोडा, पोच घ्या. वॉर्ड अभियंत्याला एकदा सकाळी सातला तुमच्याबरोबर सायकलवर यायला सांगा. बहुतेक येणार नाही. एखादा येतो.